करपलेली आमटी आणि पिठल्याची पंगत

डोंगरांच्या मधोमध वसलेल्या एका लहानशा राज्यात म्हाळसा नावाची एक तरुणी राहत होती. तिच्या हाताला अशी चव होती, की साधी भेंडीची भाजी केली तरी शेजारीपाजारी वाटी घेऊन दाराशी येत. कुणी जेवून तृप्त झालं, की तिला स्वतःच जेवल्यासारखं वाटे.

"तू इथे कशाला राहतेस? राजवाड्यात जा, नाव काढशील," सगळे म्हणत. ऐकून ऐकून तिलाही तसंच वाटू लागलं. एके दिवशी तिने धाकट्या बहिणीचा निरोप घेतला आणि राजवाड्याच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

तिथले मुख्य आचारी होते दाजीबा. म्हातारे, मितभाषी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग.

"रांधायला आवडतं?" त्यांनी विचारलं.

"फार आवडतं."

"आणि आवडणार नाही त्या दिवशी?"

म्हाळसाला प्रश्नच कळला नाही. दाजीबांनी तिच्यापुढे कांद्यांचं पोतं ओतलं.

कांद्यांमागून लसूण आला, लसणामागून नारळ. कितीतरी महिन्यांनी ती चुलीपाशी पोहोचली, तेव्हा कळलं की चुलीपुढे उन्हाळा-हिवाळा नसतो. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दगडासारख्या होत. आज आमटी जशी झाली तशीच उद्या, परवा, तेरवा व्हायला हवी. तिला वाटलं म्हणून चार मिरच्या जास्त टाकायची सोय नव्हती. दिवसभर चव घेऊन घेऊन भूक मरून जाई आणि सगळं आवरल्यावर गार भातावर ताक ओतून ती कशीबशी दोन घास खाई.

सण आला की सगळं राज्य घरी जाई. स्वयंपाकघराला मात्र त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसे. आणि कौतुक? जेवण चांगलं झालं तर आत कुणी फिरकत नसे. मीठ जरा पुढे गेलं, की निरोप लगेच येई.

म्हाळसा मनातून विझत गेली. शेवटी तिने ठरवलं, शेजारचे राजे पाहुणे म्हणून येताहेत, तेवढी मेजवानी उरकली की गावी परत जायचं.

मेजवानीच्या दिवशी नेमके दाजीबा तापाने फणफणले. त्यांनी अंथरुणावरूनच सांगून पाठवलं, "आज चूल म्हाळसाकडे."

त्याच दिवशी तिकडे गावी तिच्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. मोठ्या हंड्यातली आमटी ढवळता ढवळता म्हाळसाचं मन तिकडे गेलं. पाळणा सजला असेल, बायका जमल्या असतील, नाव काय ठेवलं असेल. हातातला डाव केव्हा थांबला तिला कळलंच नाही. भानावर आली ती वासाने. आमटी बुडाला लागली होती.

तिने वरची पळीभर चाखली. करपटपणा वरपर्यंत आला होता, अगदी पुसट.

इतक्यात कारभारी आत आले. "पानं मांडली. वाढायला घ्या."

"आमटी करपलीय," म्हाळसा म्हणाली.

कारभाऱ्यांनीही चाखली. "मला तर काही कळत नाही. वर तुपाची फोडणी दे. वरची आमटी राजेसाहेबांच्या पंगतीला जाऊ दे, तळची बाहेर बसलेल्या पालखीच्या भोयांना. ते कुठे बोलणार आहेत?"

बोलणं खोटं नव्हतं. कुणीच बोललं नसतं. शिवाय ती उद्या इथे असणारही नव्हती. म्हाळसाने हंड्यावर झाकण घातलं. मग म्हणाली, "चूक माझी आहे. मला थोडा वेळ द्या. हे मी कुणालाच वाढणार नाही."

"दोन राजे ताटावर बसलेत!"

"त्यांना खरं कारण सांगा. माझं नाव सांगा."

कारभारी पाय आपटत गेले. म्हाळसाने पदर खोचला. भातासाठी ठेवलेलं आधण उकळतच होतं. तिने मोठ्या कढईत लसूण-मिरचीची खमंग फोडणी केली, त्यात आधण ओतलं आणि गार पाण्यात कालवलेलं बेसन हळूहळू सोडलं. गुठळी होऊ नये म्हणून हात जराही थांबू दिला नाही. वाफेने मनगट पोळलं, तरी तिने डाव सोडला नाही.

मेजवानीच्या चांदीच्या वाट्यांतून त्या दिवशी पिठलं वाढलं गेलं. राजेसाहेब उशिरामुळे नाराज झाले, कारभाऱ्यांनी सगळ्यांदेखत म्हाळसाला झापलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग उरलेली कढई घेऊन ती स्वतः बाहेरच्या अंगणात गेली. पाहुण्यांची पालखी वाहून आणणारे भोई तिथे भिंतीच्या सावलीत बसले होते. एका वयस्क भोयाने पिठल्यात भाकरी बुडवली, घास घेतला आणि थांबला.

"बाई, हे आतलंच का?"

"हो. एकाच कढईतलं."

"आम्हाला कुठल्याही वाड्यात तळाची खरवडच मिळते," तो म्हणाला. "कुणी रांधलं?"

"मीच," एवढंच म्हाळसा म्हणाली आणि न मागता त्याच्या भाकरीवर आणखी एक पळी वाढली. राजवाड्यात आल्यापासून आपल्या हातचं कुणी खाताना ती पहिल्यांदाच बघत होती.

संध्याकाळी दाजीबा काठी टेकत स्वयंपाकघरात आले. म्हाळसा तो करपलेला हंडा घासत बसली होती. ते शेजारी बसले आणि राखेची मूठ घेऊन घासू लागले.

"ताप आहे तुम्हाला," ती म्हणाली.

"असू दे. गावी जाणार होतीस म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? हे बघ, पाय असेच दुखणार. सणही असेच जाणार. तुला फसवून ठेवून घेणार नाही मी. पण आज चूल सांभाळलीस ती मला हवी तशी."

म्हाळसाने राख धुऊन काढली. मग हंडा पालथा घालून उठली.

"बारशाचं बाळ बघायला चार दिवस गावी जाऊ द्याल?"

"जा की. पुढच्या सणालाही आळीपाळीने एकेकाला सोडू. हे मी आधीच करायला हवं होतं."

"मग परवा निघते," म्हाळसा म्हणाली. "उद्याची डाळ भिजत घालायचीय अजून."

त्यानंतर त्या राजवाड्यात आतल्या आणि बाहेरच्या पंगतीला एकाच भांड्यातलं वाढलं जाऊ लागलं. असं का, ते राजेसाहेबांना कधी कळलं नाही. भोयांना मात्र ठाऊक होतं.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आवड माणसाला कामाच्या दारापर्यंत आणून सोडते; आत पाय टिकतात ते न दिसणाऱ्या जेवणाऱ्याची काळजी वाटते म्हणून. आणि अशी काळजी वाहणाऱ्यालाही कधीतरी घरच्या पंगतीला बसू द्यावं.