एकोणीस पोपट आणि वीस गाठी

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरात अश्मकांचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने एका बुरुडाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव वेणुक. सुपे, टोपल्या, पाळणे तो विणीच, पण पोपटांचे पिंजरे त्याच्याइतके चांगले नगरात कोणी विणीत नसे. बांबूच्या कामट्या तो इतक्या घाशी की पाखराच्या पंखाला ओरखडासुद्धा येत नसे.

त्या नगरात एक रीत होती. नवरीबरोबर माहेराहून पोपटांची एक जोडी यायची. त्या जोडीला पुढे जी पिल्ले होतील ती सासरची भरभराट समजत. पोपट विकायचा नाही, कोणाला द्यायचा नाही, सोडायचा तर नाहीच. पिल्ले बाहेर आली की कुळातली सर्वांत वडील बाई येऊन दर पाखरामागे दोरीत एक गाठ मारून जाई. मग श्रावणी पौर्णिमेला तीच बाई पुन्हा येऊन गाठी आणि पाखरे जुळवून पाही. पाखरू कमी भरले तर सुनेच्या हाताला बरकत नाही असे ठरे आणि तिला वर्षभर माहेरी धाडीत. वर्ष सरल्यावर तिला आणायला कोणी जाई, असे मात्र क्वचितच घडे.

सोमिल नावाच्या धान्यव्यापाऱ्याची बायको होऊन उत्पला त्याच्या घरी आली, तेव्हा तिच्या हातात एक पिंजरा आणि त्यात दोन पोपट होते. पहिल्या वर्षी दोनाचे सहा झाले. दुसऱ्या वर्षी नऊ. तिसऱ्या वर्षी पहिल्या पिल्लांनीही जोड्या जमवल्या आणि नवाचे वीस झाले. उत्पलेला स्वतःला अजून मूल नव्हते, त्यामुळे विहिरीवरच्या बायका म्हणत, "पोपट तरी ऐकतात हो तुझं!" उत्पला हसे आणि घागर जरा लवकर उचली.

तिची सासू रेवती हिने हे वीस पोपट पाच पिंजऱ्यांत ठेवून ते ओसरीत टांगले होते. ओसरीत आता माणसाला ताठ उभे राहता येत नसे. सोमिल उंच होता. तो जेवायला येताना आणि जाताना वाकून येई-जाई, आणि गेल्या वर्षभरात त्याला तशीच चालायची सवय लागली होती. पोपट सासूचीच भाषा शिकले होते. "उत्पले, दार लाव!" "उत्पले, दूध पाहा!" अशा दिवसातून शंभर हाका येत. त्यांतल्या चार खऱ्या असत. कोणत्या चार हे न कळल्यामुळे उत्पला शंभर वेळा उठे.

आषाढात रेवतीने वेणुकाला बोलावून घेतले.

"सात मजल्यांचा पिंजरा हवा," ती म्हणाली. "मजबूत कर. पुढच्या वर्षी चाळीस होतील."

वेणुकाने मान वर करून पाहिले. प्रत्येक पिंजऱ्यात आडव्या तोंडाची दोन-दोन मडकी बांधलेली होती. पोपट एकमेकांना ढकलून काठीवर जागा धरीत होते. एकाच्या छातीवरची पिसे गेली होती. ती त्याने स्वतःच उपटली होती.

"ही मडकी कुणी बांधली, आई?"

"मीच. बिचाऱ्यांना डोकं लपवायला काही आडोसा नको?"

"पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. मडकं म्हणजे त्याला ढोलीच. तुम्ही आडोसा म्हणून एक मडकं बांधता, तो त्यात संसार मांडतो. गर्दी वाढली म्हणून तुम्ही आणखी दोन बांधता." वेणुकाने मडक्यांकडे बोट केले. "मडकी काढा. आणि मागची पडवी मला द्या. तिला बांबूची जाळी लावून देतो. आहेत ती पाखरं पंख पसरून तिथं सुखानं राहतील."

"पडवीत उडत्या पाखरांची मोजणी कशी व्हायची?"

"सावकाश होईल."

"सावकाश!" रेवती म्हणाली. "तुला पिंजरा जमत नसेल तर तसं सांग. बुरूड काय एकटा तूच आहेस?"

"जमतो. पण माझ्या हातून होणार नाही. त्यात पाखरं मरतील."

तो घरी गेला. सात मजल्यांचा पिंजरा म्हणजे अख्ख्या पावसाळ्याचे काम होते. त्याची बायको म्हणाली, "पोपटांना पडवी हवी, हे पोपटांनी सांगितलं का तुम्हाला? आपल्या छपराला वाशे हवेत, हे मी सांगतेय." तिचे म्हणणे खरेच होते. तो सुपे विणीत बसला.

पुढे श्रावण लागला. पौर्णिमा चार दिवसांवर आली असता सकाळी उत्पला दाणे घालायला गेली, तेव्हा तिसऱ्या पिंजऱ्याच्या तळाशी एक पिल्लू पडले होते. त्याच्या डोक्यावर चोचींचे घाव होते. बाकीचे काठीवर बसून "उत्पले, दूध पाहा" म्हणत होते. तिने पिल्लू पदरात घेतले आणि परसात शेवग्याखाली पुरले. मग हात धुऊन ती दूध पाहायला गेली. दूध खरोखरच उतू गेले होते.

तिने कोणालाही सांगितले नाही. त्या दिवसापासून तिला अन्न जाईना. ती एकोणीस मोजी, मग कोणी हलले म्हणून पुन्हा मोजी. एकदा वीस भरले तेव्हा तिला रडूच आले, आणि पुन्हा मोजल्यावर एकोणीस झाले. सोमिलाने विचारले, "तब्येत बरी नाही का?" ती म्हणाली, "बरी आहे." तो वाकून बाहेर गेला. माहेरी धाडलेल्या मुली तिने पाहिल्या होत्या. तिच्या माहेरच्या आळीतच दोघी होत्या. त्या पोपटांकडे पाहतही नसत.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी वेणुक सुपे द्यायला मागच्या दाराशी आला. रेवती पडवीत तांदूळ पाखडीत बसली होती, पण धान्याच्या उंच कणगीमुळे ती दारातून दिसत नव्हती. उत्पला सूप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"वेणुकदादा," ती हळूच म्हणाली, "मला एक पोपट आणून द्याल? पिल्लूच हवं, या वर्षीचं." तिने मनगटातली बांगडी काढून सुपात ठेवली. "कुणाला कळणार नाही. पोपट काय, सगळे सारखेच दिसतात."

वेणुकाने बांगडीकडे पाहिले, मग तिच्याकडे. तिचे डोळे जागून लाल झाले होते. पोपट आणणे अवघड नव्हते. नदीपलीकडे पाखरे विकणारा बसे, आणि संध्याकाळपर्यंत काम झाले असते. ती वाचली असती. बोधिसत्त्वाच्या मनात आले, नाही म्हणणे मला सोपे आहे, कारण उद्या मला कोणी कुठे धाडणार नाही.

तो उंबऱ्याबाहेर खाली बसला.

"वहिनी, मी आणून दिला, तर उद्याचा दिवस जाईल," तो म्हणाला. "माझ्या बापानं एका घरी असाच आणून दिला होता. टोपलीत घालून, वर भाजी झाकून. ती पण नवीनच सून होती. बाप मला मरताना म्हणाला, मी त्या पोरीवर उपकार करायला गेलो आणि तिला जन्माची भीती देऊन आलो. तिला पुढं कुणी काही बोललं नाही. पण एक पाखरू खोटं आहे हे तिला माहीत होतं. मग ती मोजतच राहिली. कितीही झाली तरी तिला पुरेशी वाटेनात."

"कोण होती ती?"

"ते बापानं सांगितलं, पण मी सांगणार नाही."

"मग मी काय करू?" उत्पलेचा आवाज चढला आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. "तुम्ही खरं बोलायला सांगाल. खरं बोलून जायचं आहे मला, तुम्हाला नाही."

"खरं आहे," वेणुक म्हणाला. "म्हणून मी उद्या इथं येईन. मडकी काय करतात ते मला ठाऊक होतं, आणि मी एकदाच सांगून गप्प बसलो. माझीही चूक आहे. ती मी सर्वांसमोर सांगेन. त्यानं तुमचं जाणं टळेलच असं मी म्हणत नाही."

त्याने बांगडी तिच्या हातात परत दिली. पडवीत पाखडण्याचा आवाज केव्हा थांबला होता, ते दोघांनाही कळले नाही.

पौर्णिमेला कुळातल्या बायका आल्या. सर्वांत वडील सुभगाकाकू हातात दोरी घेऊन पाटावर बसल्या. वेणुक ओसरीच्या पायरीखाली उभा होता. "हा बुरूड कशाला आलाय?" काकूंनी विचारले. वरून पोपट "दार लाव! दार लाव!" म्हणत होते.

काकूंनी मोजायला सुरुवात केली. एक गाठ, एक पोपट. पहिला पिंजरा झाला, दुसरा झाला. उत्पला खांबाला टेकून उभी होती. तिसऱ्या पिंजऱ्यापाशी काकू अडखळल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. अखेर एक गाठ त्यांच्या बोटांत उरली.

"एकोणीस," काकू म्हणाल्या. "सूनबाई, विसावा कुठं आहे?"

उत्पलेने तोंड उघडले. वेणुकानेही एक पायरी वर पाऊल ठेवले. पण त्या दोघांच्या आधी रेवती बोलली.

"मेला," ती म्हणाली. "मी मारला. पाच पिंजऱ्यांत वीस कोंबले मी. मडकी मी बांधली. बुरुडानं नको म्हटलं तर त्याला घालवून दिलं मी."

"पाखरं तुझी नाहीत, रेवती. तिच्या माहेरची आहेत. बरकत हात बघून येते."

"हात बघायचाच असेल तर माझा बघा." रेवती पुढे आली. "काकू, बत्तीस वर्षांमागं याच ओसरीत तुम्ही माझी सात पाखरं मोजलीत. आठवतंय? त्यांतलं सातवं विकत आणलेलं होतं. माझं पाखरू आदल्या रात्री मेलं होतं. धाडायचं तर आधी मला धाडा. माझं माहेर आता उरलं नाही, पण मी जाईन."

काकू तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी दोरी मांडीवर ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. त्या फार म्हाताऱ्या होत्या आणि त्यांच्या हाताखालून पुष्कळ मुली माहेरी गेल्या होत्या.

"बत्तीस वर्षं," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि माझ्यासमोर पानावर बसून जेवत होतीस."

"घास गिळत होते," रेवती म्हणाली.

काकू उठल्या. त्यांनी उरलेली गाठ नखाने सोडवली. म्हातारपणामुळे ते काम त्यांना जड गेले आणि बराच वेळ लागला, पण त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. मग "सूनबाई, मला पाणी दे," असे म्हणून त्या पुन्हा बसल्या. उत्पला पाणी आणायला वळली, तेव्हा तिला कळले की ही हाक खरी आहे आणि आपल्याला या घरातच राहायचे आहे. तिच्या हातातले पाणी बरेचसे वाटेतच सांडले.

चार दिवसांत वेणुकाने मागच्या पडवीला जाळी लावली. रेवतीने मडकी स्वतः उतरवली. एकोणीस पोपट त्या पडवीत उडू लागले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. सोमिलाला ओसरीत ताठ चालायला मात्र पुढचा महिनाभर जमले नाही. त्या नगरातल्या इतर काही घरांत मोजणी चालू राहिली, काहींत बंद पडली. वेणुकाला पिंजऱ्यांचे काम पुढे कमीच मिळाले. त्याच्या घराला वाशे दोन वर्षांनी लागले.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा विहाराच्या अंगणात सांगितली आणि जन्मांची जुळणी करून दिली. "त्या वेळची रेवती म्हणजे आज आपल्या स्वयंपाकघरात भात शिजवणारी वृद्ध उपासिका सुनंदा. उत्पला म्हणजे तिच्याशेजारी बसलेली तिची सून. सुभगाकाकू म्हणजे गेल्या वर्षी संघात आलेली, वयाने सर्वांत मोठी भिक्षुणी. वेणुक बुरूड मीच होतो." मग ते म्हणाले, "त्या जन्मी मी सत्य पाळले. पण ओसरीत सत्य बोलली ती रेवती. मी एवढेच केले की तिचे सत्य तिच्यासाठी राखून ठेवले. हीसुद्धा सत्याचीच पारमिता, त्याची पूर्ण साधना आहे."