वाळवीची उपमा

पूर्वी वेत्रनगरात राजा भद्रसेनाचा अंमल होता, तेव्हा बोधिसत्त्व शीलक नावाने तिथे जन्मला होता. गुरुकुल त्याने अर्ध्यातच सोडले होते. आचार्य सोमिल अलंकार शिकवीत, तेव्हा शीलक विचारी, "उपमा काढली, तर खाली काय उरतं?" आचार्यांनी त्याला उद्धट ठरवले. उत्तर येत नसले की प्रश्नाला उद्धटपणा म्हणायचे, ही वडीलधाऱ्यांची जुनी सोय आहे. शीलक निघाला आणि बाजारात बसून लोकांच्या विनवण्या लिहून देऊ लागला.

त्या वर्षी राजकोठारातले पुष्कळ धान्य नासले. कोठाराचा अधिकारी सोमिलाचा जावई होता. कोठारामागे टोपल्या विणणाऱ्या बुरुडांची वस्ती होती. सोमिलाने एक निवेदन रचले आणि ते चौकाचौकांत वाचले गेले.

'कोठार ही राज्याची माउली. तिच्या कुशीला वाळवी लागली आहे. वाळवी दिसते गरीब, पण घर पोखरते. वाळवीला कोणी तिची बाजू विचारतो का? वाळवीला कोणी मुदत देतो का? वाळवीवर उपाय एकच, आग.'

बुरुडांनी चोरी केली, असे त्यात कुठेही नव्हते. तशी गरजच पडली नाही. टोपलीच्या बदल्यात फुले देणारी माळीण वस्तीकडे फिरकेनाशी झाली. दुकानदार बुरुडांची सुपे हाताने न उचलता काठीने सारू लागले. राजालाही निवेदन आवडले. पौर्णिमेला वस्ती जाळायची, असे ठरले.

वस्तीतली म्हातारी नंदुका एक नवी टोपली घेऊन शीलकाकडे आली. तिने सांगितले, आमच्यासाठीही असेच काहीतरी जोरकस लिही.

"आम्हांला गाय म्हण, बाबा. राजाचा गायींवर जीव आहे."

"आजी, आज गाय म्हटलं तर उद्या कोणी दूध मागेल."

"मग हरीण म्हण."

"राजा शिकार करतो."

नंदुका हसली आणि मग पदराने डोळे पुसू लागली.

हे सोमिलाच्या कानी गेले. त्याने शीलकाला बोलावून घेतले. तुझी लेखणी धारदार आहे, गुरुकुलात परत ये, माझ्यामागे आचार्यपद तुझेच, असे तो प्रेमाने म्हणाला. फक्त या वस्तीसाठी लिहू नकोस. शीलकाने त्याला नमस्कार केला आणि तो बाजारात परतला.

त्या राज्यात राजाच्या आजोबांनी घातलेली एक रीत होती. शिक्षा मागणारे निवेदन दोनदा वाचायचे. एकदा लिहिले तसे आणि एकदा, ज्याने रचले त्यानेच, सगळे अलंकार उतरवून. याला उघडे वाचन म्हणत. रीत सगळ्यांना ठाऊक होती, पण ज्येष्ठ मंत्र्यांनी ती कंटाळवाणी म्हणून गुंडाळून ठेवली होती. अलंकारांखाली त्यांचेही बरेच काही झाकले जाई.

शीलकाने विनवणीत एकच ओळ लिहिली: 'आचार्यांच्या निवेदनाचे उघडे वाचन व्हावे.'

"एवढंच?" नंदुका म्हणाली. "याच्यासाठी मी टोपली दिली?"

पण आजोबांची रीत राजाला मोडवेना. भरल्या सभेत सोमिल उभा राहिला. त्याने माउली उतरवली, कूस उतरवली, वाळवी उतरवली. वाळवीबरोबर तिचे प्रश्न गेले आणि आगही गेली. मग तो वाचू लागला.

"कोठारातलं धान्य नासलं. कोठारामागे बुरूड राहतात."

"पुढे वाचा, आचार्य," राजा म्हणाला.

"पुढे काही नाही, महाराज."

"राहतो, हे मात्र खरंय," नंदुका मागून म्हणाली.

राजाने विचारले, मग धान्य नासले कशाने? सोमिलाच्या ओठांवर नवी उपमा आली असावी. पण उघड्या वाचनात उपमा चालत नव्हती. शेवटी त्याने साधेच सांगितले.

"छप्पर शाकारलं नव्हतं. काम जावयाचं होतं. मुलगी माझ्या पायाशी रडत बसली होती, महाराज."

कालपर्यंत सोमिलाच्या प्रत्येक ओळीला मान डोलावणारा एक ज्येष्ठ मंत्री तत्काळ उठला. हा अस्तनीतला निखारा आहे, तो म्हणाला, याला आत्ताच विझवा. राजाचा चेहरा लाल झाला होता. शेजारी सेवक तलवार घेऊन उभा होता, राजाने तिच्याकडे पाहिले.

तेव्हा शीलक पुढे आला. "हेही उघडं वाचा, महाराज. एक बाप मुलीसाठी खोटं बोलला."

राजाने मान खाली घातली.

वस्ती वाचली. जावयाचे पद गेले आणि छप्पर त्याने स्वतः शाकारले, बुरुडांच्या हाताखाली. सोमिलाकडे दरबारातल्या प्रत्येक उघड्या वाचनाचे काम आले. राजाने शीलकाला विचारले, यापुढे उपमांवर बंदीच घालावी का?

"नको, महाराज. माणसानं दागिने घालावेत. उतरवल्यावर खाली माणूस उरतो का, तेवढं बघावं."

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता आपल्या भिक्षूंना म्हणाले, "काल एका नव्या भिक्षूला संघातला कावळा म्हणून तुम्हांला हसवणारे हे वृद्ध स्थविर तेव्हा सोमिल होते. तो नवा भिक्षू नंदुका होता. शीलक मीच होतो. आणि निवेदन ऐकता ऐकताच पटलेला तो राजा म्हणजे काल हसलेले तुम्ही सगळे."

ही सत्याची पारमिता, सत्याची परिपूर्णता. करुणा नसेल, तर तीही नुसता अलंकारच.