पारोशी खडकाई

चपला तिथेच काढा आणि त्या रांजणातल्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुऊन या. अंघोळ करून आलात? असू द्या, पाहुण्यांना माफ आहे. आज चैत्रातली षष्ठी. आज सगळा गाव पारोसा असतो. मीही, आणि आत खडकाईसुद्धा. कालचं कुंकू तसंच आहे तिच्या अंगावर.

असं सांगतात, की आमच्या घराण्यात सटवाजी गुरव होऊन गेला. सोवळ्याचा फार कडक. मरत्या बापाला त्याने शब्द दिला होता, की देवीला एक दिवसही पारोशी ठेवणार नाही. पुढे असा दुष्काळ पडला की गावच्या आडात नुसता चिखल उरला. तरी सटवाजी रोज तीन कोसांवरून देवीसाठी घागर आणायचा.

षष्ठीच्या सकाळी तो घागर घेऊन गाभाऱ्यात शिरणार, एवढ्यात येसू सुईण पायरीशी आली. देवळामागच्या पालात एका वडाराची बायको दोन दिवस अडली होती. मूल आडवं. आत हात घालून ते फिरवायचं होतं, आणि पाण्यासाठी आड उकरून उकरून येसूचे हात चिखलाने भरलेले.

"गुरवबाबा, हात धुवायला पानी द्या."

"हे देवीचं हाय."

"देवी उद्या न्हाईल. ती बाई उद्यापतुर ऱ्हायची न्हाई. आन् असल्या हातानं मी तिला शिवायची न्हाई."

त्याचं सोवळं आणि तिचं सोवळं, दोन्ही खरीच म्हणायची. बिचारा सटवाजी घागर धरून उभाच राहिला. पालातून कण्हणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. तेव्हा त्याने आपल्या हाताने येसूच्या हातांवर कोपरापर्यंत पाणी घातलं आणि उरलेली घागर तिच्याकडे दिली.

मग तो उंबऱ्याबाहेर बसून राहिला. बापाला दिलेला शब्द मोडला होता, देवीला तोंड कसं दाखवणार? लहान मुलासारखा रडला म्हणे. उन्हं चढली आणि पालातून बाळाचा आवाज आला. येसू घागर परत करायला आली, "दोघंबी हायती," एवढंच बोलली. तेव्हा कुठे सटवाजीने धीर करून आत डोकावलं. देवीचं अंग कोरडं होतं, कुंकू जागच्या जागी. फक्त दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते.

आजही षष्ठीला खडकाईला न्हाऊ घालत नाहीत. नुसते हात धुतात, आणि तो मान गुरवाचा नाही. वर्षभर गावात जिने बाळंतपणं केली, तिचा. पूर्वी सुइणी यायच्या, आता दवाखान्यातल्या सिस्टर येतात. मी घागर धरून पायरीवर उभा राहतो, सटवाजी उभा होता तिथेच. त्या बघा, आल्याच. जरा सरका, त्यांना आत जाऊ द्या.