काळे खडे, पांढरे खडे

एका राज्यात कुमुदवती नावाची कथाकार स्त्री राहत होती. त्या राज्याची रीत अशी, की राजसभेत रोज तिसऱ्या प्रहरी कथा वाचली जावी आणि ज्याला ऐकायची असेल त्याने येऊन बसावे, मग तो राजा असो की राजाच्या बागेतला माळी. कुमुदवतीने तारुण्यापासून केस पिकेपर्यंत एकच कथा रचली. वीरकेतू नावाचा राजपुत्र नागमणी शोधायला निघतो, एवढाच तिचा विषय. पण त्या कथेची ताडपत्रे सभेत आणायला हत्ती लागे. हे फुगवून सांगितलेले नाही. हत्ती खरोखरच लागे, आणि त्याचा माहूत येसाजी हा त्या कथेचा पहिला भक्त होता.

भक्त होते तसे निंदकही होते. त्यांत अग्रभागी म्हाळसाकाकू, राजाच्या सोनाराची पत्नी.

"राजपुत्र घोड्यावर चढू लागला तेव्हा माझी सून बाळंतपणाला माहेरी गेली," त्या भर सभेत म्हणत. "आता नातू रांगायला लागला, आणि हा बाबा अजून रिकिबीतच!"

"काकू, घोडा थोर आहे. थोरांना वेळ लागतो," येसाजी म्हणे.

"मग तुझा हत्तीच दे की त्याला! निदान बसून तरी होईल."

अशी जुंपली की निम्मी सभा इकडे आणि निम्मी तिकडे. कुमुदवती मात्र मान खाली घालत नसे की आवाज चढवत नसे. गलबला शमेपर्यंत ती पानावर बोट ठेवून ताठ बसे, आणि जिथे शब्द तुटला तिथूनच पुढे वाची.

एके दिवशी वीरकेतू नागमण्याच्या गुहेपाशी पोहोचला. नेमक्या त्याच वाक्याला भांडण इतके पेटले, की ते वाक्य कोणाच्याच कानी पडले नाही. तेव्हा सर्वांत मागे कांबळे पांघरून बसलेला एक पुरुष उठून उभा राहिला. तो काळनेत्र होता, उत्तरेच्या टेकडीवरचा जादूगार.

"तुमच्या मतांनी माझे कान किटले," तो म्हणाला. "आजपासून या कथेविषयीचे प्रत्येक मत मुखातून खडा होऊन पडेल. स्तुतीचा पांढरा, निंदेचा काळा. या कथेविषयी एकमत होईल तेव्हाच खडे थांबतील."

एवढे बोलून तो दिसेनासा झाला.

वास्तविक लोकांनी तोंडे मिटून बसायचे. पण कथेविषयी बोलू नये असे ठरल्यापासून त्यांना दुसरे काही बोलावेसेच वाटेना. पाणवठ्यावर खडे पडले, देवळात पडले, जेवताना ताटात पडले. गल्ल्या तुंबल्या, वेशीचे दार उघडेना, धान्याच्या गाड्या बाहेर अडकून राहिल्या.

राजा शतध्वजाने कुमुदवतीला बोलावले. आपल्या तोंडून चुकून काही मत निघू नये म्हणून त्याने ओठांवर शेला धरला होता.

"कुमुदवती, पौर्णिमेला आपली कथा अग्नीला द्यावी लागेल. कथा उरली नाही तर मत उरणार नाही, आणि मत उरले नाही तर खडा पडणार नाही."

त्या पानांखेरीज कुमुदवतीपाशी जन्मभराचे म्हणावे असे काहीही नव्हते. पण तिने पदर सारखा केला आणि म्हटले, "महाराज, पौर्णिमेपर्यंत मला मोकळीक असावी. कथा माझी आहे. तिच्यावरचा शापही मीच उतरवीन."

सभेच्या तुळईवर एक साळुंकी राहत असे. तिने सारी कथा ऐकलेली होती. ती उडत खाली आली आणि म्हणाली, "बाईसाहेब, टेकडीची वाट मला ठाऊक आहे." पक्षी त्या राज्यात बोलत असत, तेव्हा त्यात कोणाला नवल वाटले नाही.

टेकडीवर काळनेत्र धुराच्या आसनावर बसला होता.

"शाप परत घ्यावा," कुमुदवती म्हणाली.

"तीन गोष्टी आण. जिला ही कथा पूर्णपणे आवडली, अशी एक व्यक्ती. जिला ती मुळीच आवडली नाही, अशी दुसरी. आणि कथेतला असा एक अध्याय, जो वगळला तर कोणालाही चुटपुट लागणार नाही. पहिलीच्या मागे भक्त येतील, दुसरीच्या मागे निंदक, आणि तो अध्याय गेला की दोघांचे जमेल. एकमत होईल."

"आणते," कुमुदवती म्हणाली आणि टेकडी उतरली.

पहिल्या गोष्टीसाठी तिला लांब जावे लागले नाही. हत्तीखान्यात येसाजी गुडघाभर पांढऱ्या खड्यांत उभा होता.

"येसाजी, कथा पूर्णपणे आवडली ना?"

"पूर्णपणे, आईसाहेब! अक्षरन् अक्षर!" टपकन पांढरा खडा पडला.

"वंशावळीचा अध्यायसुद्धा?"

येसाजीने कान खाजवला. "तो... तो हत्तीला फार आवडला."

"मी तुम्हाला विचारले."

"रागावू नका, आईसाहेब. त्या अध्यायात जरा डोळा लागला. अमक्याची अमकी, तमक्याची तमकी... कोण लक्षात ठेवणार?" आणि त्याच्या ओठांवरून एक काळा खडा घरंगळला. बिचारा येसाजी त्या खड्याकडे असा पाहू लागला, जणू तोंडातून बेडूक पडला असावा.

कुमुदवतीच्या मनाला लागले. पण तिने मनाशी हिशेब केला: पहिली गोष्ट हुकली, तरी तिसरी सापडली. भक्तालाच ज्यात झोप लागली, तो अध्याय गेला तर कोणाचे काय अडणार? तिने तिथे ठेवलेल्या पोथीची दोरी सोडली, वंशावळीची पाने वेगळी काढली आणि काखेत धरून ती म्हाळसाकाकूंच्या दारी गेली. दारात काळ्या खड्यांचा ढीग इतका, की काकू खिडकीतून बोलत होत्या.

"या! लांबणबाई आल्या!" एक काळा खडा खाली आला. "पाल्हाळ नुसता!" दुसरा आला.

"म्हणजे कथा मुळीच आवडली नाही?"

"मुळीच नाही."

"मग रोज येत का होता?"

"घरी बसून काय करू? सोनार दिवसभर ठोकठोक करतो." खडा पडला नाही, कारण ते कथेविषयीचे मत नव्हते. मग काकूंची नजर काखेतल्या पानांकडे गेली. "ते काय काढून आणलंत?"

"वंशावळीचा अध्याय. तो कथेतून वगळते आहे."

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?" काकू खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. "तेवढाच तर धड होता! राजाचा बाप, बापाचा बाप, हे सगळेच सांगतात. तुम्ही त्यांच्या आया सांगितल्यात. कुणाची आजी, कुणाची पणजी, कुठल्या गावची, कशात हुशार. माझ्या सासूचं नाव आमच्या घरातसुद्धा कुणी घेत नाही. त्या दिवशी सभेतून आले आणि देवापुढे तिचं नाव मोठ्यानं घेतलं." पांढरा खडा खाली पडला, काळ्या ढिगावरून गडगडत कुमुदवतीच्या पायाशी आला.

त्या अध्यायातली एकेक आजी शोधायला कुमुदवती गावोगाव हिंडली होती. आणि आज तीच पाने तिने आपल्या हाताने सोडवली होती! ती तशीच हत्तीखान्यात परतली, तिने ती पाने पोथीत पुन्हा जागच्या जागी लावली आणि दोरीला पक्की गाठ मारली.

तेवढ्यात साळुंकी शहरभर फिरून आली. "बाईसाहेब, प्रत्येक अध्याय कोणी ना कोणी काढायला सांगतो. पण त्याला हात लावू नका म्हणणाराही प्रत्येकाला कोणी ना कोणी आहेच. घोड्याच्या अध्यायासाठी तर तबेल्यातले सगळे काठ्या घेऊन बसले आहेत."

पौर्णिमेच्या सकाळी कुमुदवती रिकाम्या हाताने टेकडी चढली. ती वाकून चालत नव्हती.

"तीन गोष्टी कुठे आहेत?" काळनेत्राने विचारले.

"मिळाल्या नाहीत, आणि मिळणारही नाहीत. माझ्या भक्ताच्या तोंडून काळा खडा पडला, माझ्या निंदकेच्या तोंडून पांढरा. आणि जो अध्याय मीच टाकायला निघाले होते, तो एका घरात देवापुढे पोहोचला आहे. आपण साऱ्या राज्याचे एकमत मागता. एका माणसापाशीसुद्धा ते नाही."

"असा माणूस असेलच कुठेतरी."

"मग तो माणूस आपणच व्हावे. शापानंतर आपण कथेविषयी एकही मत बोलून दाखवलेले नाही. आपले मत ऐकायला मी आले आहे."

काळनेत्र हसला. "माझे मत सरळ आहे. कथा अद्वितीय आहे." पांढरा खडा त्याच्या मांडीवर पडला. "नदीकाठचे युद्ध तर असे, की मी इथे परत आल्यावर दोन दिवस माझे धनुष्य शोधत होतो." दुसरा पांढरा पडला. "फक्त..."

तो थांबला.

"बोलावे," कुमुदवती म्हणाली.

"फक्त युद्धाआधी प्रत्येक सेनापतीने भाषण करायलाच हवे होते का? तो पाचवा सेनापती बोलायला उभा राहिला, तेव्हा मी शत्रूच्या बाजूचा झालो होतो!"

आणि त्याच्या मांडीवर, दोन पांढऱ्या खड्यांच्या मध्ये, एक ठसठशीत काळा खडा येऊन बसला.

काळनेत्राने तो काळा खडा उचलून उजेडात धरला. जादूगार असला तरी तो न्यायी होता.

"जी अट घालणाऱ्यालाच पाळता येत नाही, ती अट नव्हे," तो अखेर म्हणाला. "शाप मागे घेतला."

त्याच क्षणी खाली शहरात काळे आणि पांढरे सारे खडे गारांसारखे वितळले. वेशीचे दार उघडले, गाड्या आत आल्या, आणि कथा जाळण्यासाठी रचलेली लाकडे स्वयंपाकघराकडे गेली.

"एक विचारू?" काळनेत्र म्हणाला. "गुहेपाशी काय झाले? ते वाक्य मला ऐकू आले नाही."

"सभेत यावे आणि ऐकावे," कुमुदवती म्हणाली. "पण बसावे पुढे. मागे फार बोलतात."

तिसऱ्या प्रहरी सभा भरली. पुढच्या रांगेत जादूगार, त्याच्या शेजारी येसाजी, आणि मागून दोघांच्या डोक्यांवरून पलीकडचे पाहू पाहणाऱ्या म्हाळसाकाकू. राजा शतध्वजाने ओठांवरचा शेला काढला.

"कुमुदवती, राज्य आपले ऋणी आहे. आता एक विनंती. कथा थोडी आटोपशीर करता येईल का?"

"महाराज," कुमुदवती म्हणाली, "एक पानही नाही."

राजाने मान लववली.

"अहो, पण त्याला गुहेत तरी शिरू द्या एकदाचा!" काकू ओरडल्या.

"शिरेल," कुमुदवतीने ताडपत्र सरळ केले. "आधी गुहेच्या दाराचे वर्णन आहे."

निम्म्या सभेने कपाळाला हात लावला, निम्मीने मांडी बदलून बैठक पक्की केली, आणि घरी कोणीच गेले नाही. कुमुदवतीने पानावर बोट ठेवले, मान उंच केली आणि जिथे वाक्य तुटले होते तिथून वाचायला आरंभ केला.

ज्यांना ती कथा हवी त्यांनी त्या सभेत जाऊन बसावे. तिची कथा सांगणारी ही कथा येथे पूर्ण झाली.