म्हसोबाला बोललेली बाटली

“…पण नवस फेडला नाही, तर मिळालेलं लायसन पुन्हा जाईल का, बुवा?”

हैबती हे विचारत होता तेव्हा लायसन त्याच्या वरच्या खिशात होतं, आणि खिशावर त्याचा हात होता.

हैबती माझा टेम्पो चालवायचा. गुळाच्या ढेपा मी त्याच्या भरवशावर घाट उतरवून कोकणात धाडत असे. पुढे दारू वाढली. एका पहाटे पिऊन गाडी कठड्यावर घातली, आणि कोर्टानं लायसन काढून घेतलं. तेव्हापासून मात्र पठ्ठ्या थेंबाला शिवला नाही. माझ्या गोदामात ढेपा उचलल्या, पण शिवला नाही. आज लायसन परत हातात पडलं, तसे आम्ही दोघे नवसाचं विचारायला घाटाच्या पायथ्याला भैरूबुवांच्या झोपडीत आलो.

“नवस काय बोललास?” बुवांनी विचारलं.

हैबतीनं मान खाली घातली. “लायसन मिळालं, तर घाटातल्या म्हसोबाला एक बाटली वाहीन.”

बुवा खो खो हसले. “अरे शहाण्या, दुसरं काही सुचलं नाही?”

“सगळे ड्रायव्हर तीच वाहतात, बुवा.”

आम्ही व्यापारी माणसं, तोड काढायची सवय. म्हटलं, “बाटली मी आणतो, मीच ओततो. तू खाली उतरूच नकोस.”

“शेठ, पण तिथवर ती गाडीत माझ्या शेजारीच असणार ना…”

“मघाशी आत येताना तर म्हणालास, बाटली समोर ठेवली तरी बघणार नाही!” बुवा म्हणाले.

हैबतीनं खिशावरचा हात काढून डोकं खाजवलं.

“मघाशी तोऱ्यात होतो, बुवा.”

बुवा उठले. “चल, गाडी काढ.”

घाटातल्या वळणावर म्हसोबाचा शेंदरी दगड. भोवती रिकाम्या बाटल्यांचा खच, वास पार रस्त्यापर्यंत. हैबतीनं गाडी बरीच अलीकडे थांबवली. काच वर केली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

बुवा एकटेच उतरले. गाडीतला पाण्याचा कॅन नेऊन सगळा दगडावर ओतला. बाटल्या गोणपाटात भरून बाजूला केल्या. मग दगडाला कान लावून बसले…

बराच वेळ बसले.

परत गाडीत बसले तसं हैबतीनं विचारलं, “रागावला का?”

“नाही रे. म्हणाला, मलाही कधीची सोडायचीय. पण जो येतो, तो तीच घेऊन येतो.”

हैबतीनं स्टिअरिंगवरचे हात काढले. मग एकदम हसला, इतका की डोळे पुसावे लागले. त्यानं काच खाली केली. वारा आत आला.

“मग मी त्याला काय आणू, बुवा?”

“काही नको. येता-जाता हॉर्न देत जा. एकट्यानं सोडणं जड जातं रे.”