सटव्याला बक्षीस मिळालेला शत्रू

राज्य एकच, पण घाटावरच्यांनी गुलाम सोडले आणि घाटाखालच्यांनी नाही. झालं, त्यावरून लढाई जुंपली. घाटाखालचे सरदार हैबतराव नुसते तोंडाचे शूर. त्यांनी सटवा नावाच्या गुलामाच्या हातात भाला कोंबला.

"जा, शत्रूला मार!"

सटव्याला फुकट मरायचं नव्हतं. "सरकार, कायदा तुमचाच. ज्याच्या मालकीचं काही नाही तो गुलाम. माझ्या मालकीची लंगोटीसुद्धा नाही, मग शत्रू कुठला? तो तुमचा, तुम्हीच मारा."

हैबतराव चवताळले. "गाढवा, दिला! सगळ्यांसमक्ष शत्रू तुला बक्षीस दिला!"

सटव्याने वाकून मुजरा केला. "मिळाला, सरकार. म्हणजे माझ्या मालकीचं काहीतरी झालं, मी गुलाम उरलो नाही. आणि शत्रू माझाच, तेव्हा मी त्याच्याशी तह केला."

मागे लढाईसाठी उभ्या केलेल्या हजार गुलामांनी लगेच हात पसरले. "सरकार, आम्हालाही थोडा थोडा शत्रू द्या की!"