अर्ध्या पोळ्याची दवंडी

उंच कड्यांखाली वसलेल्या एका गावात एक दवंडीवाला राहत होता. गाव मधावर जगायचं. माणसं दोराला लटकून कड्यावरची पोळी उतरवायची, आणि ज्याला साध्या शिडीवर चढलं तरी घेरी यायची असा हा दवंडीवाला बाजारात डफ वाजवून त्यांची कीर्ती गायचा. त्याचा आवाज असा खणखणीत, की लोक हातातली भाजी खाली ठेवून ऐकत उभे राहत. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो काही उगाच नव्हता.

दर बाजाराला तो ओरडायचा, "ऐका हो ऐका! अर्धं पोळं आमचं, अर्धं मधमाश्यांचं!" लोकांना हे फार आवडायचं. मध तर मिळायचाच, वर पुण्य फुकट.

एकदा एका बाईने बरणी पुढे करता करता सहज विचारलं, "दादा, माश्यांना ठेवता ते अर्धं कोणतं? मधाचं, की बिनमधाचं?"

दवंडीवाल्याने डफ खाली ठेवला. इतकी वर्षं ओरडत होता, पण हे विचारायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. तो तडक मधवाल्यांच्या म्होरक्याकडे गेला.

म्होरक्या हसला. मध सगळा आपण काढतो, पोळ्याची माश्यांची पिल्लं असलेली बाजू तेवढी ठेवतो, असं त्याने सरळ सांगून टाकलं. मग पावसाळ्यात माश्यांनी खायचं काय, असं दवंडीवाल्याने विचारलं, तेव्हा मात्र तो दोर गुंडाळू लागला. कड्यावरची पोळी वर्षागणिक कमी होत चालली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या बाजाराला एका मोठ्या देवस्थानाचे कारभारी येणार होते. मनासारखं झालं तर अभिषेकाचा वर्षभराचा मध ते याच गावाकडून घेणार होते. पण माश्यांना उपाशी मारून काढलेला मध देवाला चालत नाही, असा त्यांचा नेम. म्होरक्याने दवंडीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"खोटं बोल असं मी म्हणतोय का? नेहमीचंच बोल. फक्त जास्तीचं बोलू नको."

बाजार भरला. कारभारी समोर येऊन बसले. "अर्धं पोळं आमचं, अर्धं मधमाश्यांचं" इथवर दवंडी आली आणि दवंडीवाला अडखळला. शब्द खरे होते, तरी तो लोकांना फसवत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. मग त्याच खणखणीत आवाजात तो म्हणाला, "पण मंडळी, मध सगळा आम्ही नेतो. माश्यांना ठेवतो त्या अर्ध्यात मध नसतो. हे आमचं चुकतंय."

कारभाऱ्यांनी मान डोलावली, पण मध घेतला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ, एवढं सांगून ते गेले. गावाने दवंडीवाल्याला काय काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. बायकोसुद्धा ताट आदळून वाढू लागली.

पण चारचौघांत बोललेलं परत गिळता येत नाही. दोरावरच्या माणसांचा हात आता पोळं कापताना आखडू लागला. त्यांनी माश्यांसाठी मध मागे ठेवायला सुरुवात केली, आधी कुरकुरत, मग सवयीने. ते वर्ष ओढाताणीचं गेलं. पुढच्या फुलोऱ्यात मात्र कड्यांवर पुन्हा भरघोस पोळी लोंबू लागली, आणि गाव सुखावलं.

कारभारी ठरल्याप्रमाणे आले. दवंडीवाला डफ घेऊन निघाला, तोच म्होरक्याने त्याला थांबवलं.

"पलीकडच्या कड्यावर आपल्या माणसांनी यंदाही सगळा मध काढलाय," तो ओशाळून म्हणाला. "तो मी वेगळा ठेवलाय. ते आधी सांग, बाकीचं मग सांग."

दवंडीवाल्याने तसंच सांगितलं. कारभाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि गाडीतले रिकामे बुधले मध भरायला खाली उतरवायला सांगितले.

तात्पर्य: आपल्या चांगुलपणाची दवंडी खुशाल पिटावी, पण जे करायचं राहून गेलं ते तिच्यातून वगळू नये; बाकीच्या शब्दांवर लोक विश्वास ठेवतात तो त्या कबुलीच्याच जोरावर.